बेवारस वस्तू

सोलापूर,
१७ जानेवारी

श्री. कोंडीबा पिसे यांस,
सप्रेम नमस्कार.

सोमवारी तुम्ही वेळापूरहून आमच्या कार्यालयात आलात आणि मला न भेटताच परत गेलात. याचे वाईट वाटले. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, असे तुमच्या अभिमन्यूने सांगितले होते, म्हणून पत्र लिहिते.

त्या दिवशी काय झाले ते तुम्हाला कुणी नीट सांगितले असेल असे वाटत नाही. आमच्या इमारतीच्या फाटकाबाहेर एक बेवारस वस्तू आढळली. खाली बँक, मधल्या मजल्यावर मुलांचा संगणक वर्ग, वर आम्ही. शहरात गड्ड्याच्या यात्रेची गर्दी आणि पुण्याच्या स्फोटाला अजून पंधरवडाही झालेला नाही. फाटकावर गुंडा नावाचा आमचा पहारेकरी होता. त्याने वस्तूला हात लावला नाही. शिट्टी वाजवली, पोलिसांना कळवले, मागच्या जिन्याने सगळ्यांना बाहेर काढले. बॉम्बशोधक पथकाने ती वस्तू जागेवरच निकामी केली. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. पाहा, कळवा, माणसे हलवा, हात लावू नका. मी माझ्या माणसांना एवढेच शिकवते. पुढचे काम पोलिसांचे.

तुमच्या मुलाने पुण्यात पहाऱ्यावर हेच केले. दुकानाच्या दाराशी पडलेली ती बॅग त्याने पाहिली, कळवले, आतली माणसे बाहेर काढली. शेवटच्या बाईला बाहेर ढकलताना बॅग फुटली. त्याच्या हाकेला धावून आलेले पोलीस शिपाई पृथ्वीराज हेही त्यातच गेले. पृथ्वीराज यांना तिरंगा मिळाला, बंदुकांची सलामी मिळाली. अभिमन्यू आमच्या गाडीतून घरी आला. दोघे एकाच दारात पडले होते. सरकारने दोघांना एकच मान द्यावा असा अर्ज मी करते आहे. त्यासाठीच तुम्हाला बोलावले होते. अर्ज सोबत आहे. पेन्सिलीने खूण केली आहे तिथे सही करून पाठवा. पुन्हा हेलपाटा नको.

सांत्वन मला जमत नाही. माझ्या हाताखाली तयार झालेला तो सगळ्यात चांगला माणूस होता, हे लिहून देते.

दानेश्वरी हलकुडे
हलकुडे सुरक्षा सेवा


वेळापूर,
२१ जानेवारी

मॅडम यांस कोंडीबाचा रामराम.

सही करून कागद पाठवला हाय. अक्षर वाकडं हाय, सांभाळून घ्या. सातवीपातूर शिकलो, मग सगळा जलम साखर कारखान्यात फिटर. कान तितंच गेलं.

एक इचारायचं हाय. सोमवारी मी एकटा आलो न्हवतो. अभिमन्यूला घेऊन आलो हुतो. त्याच्या अस्थी. कुडलच्या संगमावर सोडायचं ठरलं हुतं, सोजरचं म्हायेर तितं हाय. सोजर म्हंजे त्याची आई. ती आदल्या दिवशी पुढं गेली, तिचे भाऊ, भावजया, सगळी तितं गोळा झालती. मी म्हणलं, सोलापूर वाटंतच हाय, मॅडमचं काम उरकून जातो.

आता अस्थी घेऊन कुणाच्या दारात शिरायचं न्हाय. छपराखाली न्हेत न्हाईत, भुईला टेकवत न्हाईत. एसटीत मांडीवर धरून आलो. तुमच्या फाटकाम्होरं लिंबाचं झाड दिसलं, लई बरं वाटलं. खालच्या फांदीला गठुडं टांगलं. म्हणलं, थांब हितं जरा, तुज्या मॅडमला भेटून येतो.

वर बाकावर बसलो न बसलो तवर सगळी उठून पळाय लागली. एकानं दंडाला धरून मला मागच्या जिन्यानं खाली न्हेलं. कुणी काय सांगतंय ते मला ऐकू येईना. एका हवालदाराला म्हणलं, सायेब, माझं पोरगं म्होरं झाडाला हाय, घेऊन येतो. त्यो माझ्या कानाशी येऊन वरडला, "झाडावर कुनी न्हाय मामा, सगळं बघून आलोय! गप हुबं ऱ्हावा!" मी म्हणलं, उतरवून ठिवलं असंल कुणीतरी. मग दणका बसला. कान न्हाईत, पर दणका पायाला कळतो.

सोडलं तवा झाडाखाली नुसता चिखूल. फांदी रिकामी. माझ्या मतानं बॉम्ब झाडाच्या बुडाला ठिवला असंल आणि तुमच्या गुंडानं आधीच गठुडं काढून बाजूला ठिवलं असंल. हुशार दिसतो त्यो. त्याला एवढं इचारा.

संगमावर गेलो तर सगळी माझ्या हाताकडं बघत हुती. काय सांगू? सोजर तितंच ऱ्हायलीय. म्हणती, पोराला आणल्याबिगर घरला येत न्हाय.

कोंडीबा पिसे


सोलापूर,
२ फेब्रुवारी

श्री. कोंडीबा पिसे यांस,

तुमचे पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला. सही बरोबर जागी आहे. अर्ज मुंबईला गेला.

गुंडाने गठुडे उतरवून ठेवलेले नाही. मी चौकशी करते आहे. त्यासाठी दोन गोष्टी कळवा. भांडे कशाचे होते? झाकण कशाने बांधले होते?

सोजरबाईंना जपा.

दानेश्वरी हलकुडे


वेळापूर,
६ फेब्रुवारी

मॅडम यांस रामराम.

भांडं कशाचं हे तुमी इचारलं आणि मी उठूनच बसलो. हातात आल्याबिगर असं कोण इचारतंय! तुमचं लई उपकार.

तांब्याचा तांब्या हाय, सोजरच्या लग्नातला. बुडाला तिच्या बापाचं नाव कोरलंय. झाकण पितळंचं. एसटीच्या धक्क्यानं राख सांडंल म्हणून तारंनं बांधलं. दोन पदर घेतले, पक्कडीनं पीळ दिला, टोकं आत मुडपली न्हाईत, वरच ठिवली, म्हंजे संगमावर सोडाय सोपी. वरनं पांढरं फडकं. फिटरचं काम हाय, इकडचं तिकडं व्हायचं न्हाय. अभिमन्यू सुटीला आला की हसायचा मला. "आबा, तुमी भाकरीचं फडकंबी पीळ देऊन बांधताय. खाणाऱ्यानं पक्कड घेऊन बसायचं व्हय?"

गुंडाला भाजलेल्या शेंगा पाठवल्यात. पोरांचा वर्ग, बँकेतली माणसं, एवढी वाचवली त्यानं. आमच्या अभिमन्यूच्या संगट शिकलेला हाय का त्यो?

मी कधी येऊ ते कळवा. सोजरला निरोप धाडला, गावला म्हणून.

कोंडीबा


सोलापूर,
१० फेब्रुवारी

कोंडीबा भाऊ,

सोजरबाईंना पाठवलेला निरोप मागे घ्या. आधी ते करा, मग पुढचे वाचा.

ती बेवारस वस्तू तुमचा तांब्या होता. झाडाच्या बुडाशी दुसरे काही नव्हते. बॉम्ब नव्हताच.

तुमचे पहिले पत्र वाचले तेव्हाच मला कळले होते. तरी झाकण कशाने बांधले म्हणून विचारले. तुम्ही "दोरीने" असे लिहाल, अशी आशा होती.

गुंडाला फांदीला लटकलेले जड गठुडे दिसले. फडक्यातून वर आलेली तारेची दोन टोके दिसली. पोलिसांनी भोंग्यावरून पुन्हा पुन्हा विचारले, ही वस्तू कुणाची आहे. तुम्ही मागच्या गल्लीत होतात. कुत्रे आणले. ते वास घेऊन परत फिरले; स्फोटके असली की ते खाली बसते, हे बसले नाही. मी रस्त्यापलीकडून पाहत होते, सगळे स्वच्छ दिसत होते. पण यात्रेच्या दिवसांत जोखीम कोण घेणार? पाण्याचा मारा करून फोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी हजेरीला सगळ्या माणसांसमोर गुंडाची पाठ थोपटली.

आमच्यात माती देतात. अस्थी झाडाला टांगतात हे मी ऐकलेले होते. रोज त्या झाडाखालून जाऊनही त्या दिवशी ते मनात आले नाही.

पथकाचा निरीक्षक शरणबसव माझ्या यजमानांचा पुतण्या. परवा त्याच्या घरी गेले.

"राख होती, हाडाचे तुकडे होते. ते मला तिथंच दिसलं, काकू," तो म्हणाला.

"मग गप्प का बसलास?"

"स्क्रू निघाले म्हणून. चार. अस्थींत स्क्रू कशाला येतील? खिळे-स्क्रू कशात भरतात ते तुम्हीच शिकवता की तुमच्या पोरांना."

"बाप सांगतो आहे, अस्थी आहेत."

"बाप आला का माझ्यासमोर? कुणीच आलं नाही. राखेत काहीही लपवता येतं. सगळं प्रयोगशाळेत पाठवलंय. स्क्रू असलेली संशयास्पद वस्तू, असं वर कळवलंय. आता माझ्या हातात काही नाही."

त्याच्या बायकोने चहा केला होता. तो तसाच ठेवून उठले. आजवर असे कुणाच्या घरी केले नव्हते.

स्क्रू कुठून आले? ते कळल्याशिवाय अस्थी परत मागता येत नाहीत. काही ठाऊक असेल तर लिहा.

गुंडाला मी सांगितले आहे. त्यानंतर दोन दिवस तो कामावर आला नाही. आता येतो, पण झाडाकडे पाठ करून उभा राहतो. शेंगांची पिशवी पहाऱ्याच्या खोलीत आहे, कुणी सोडलेली नाही. रागवायचे असेल तर माझ्यावर रागवा. तो माझा शब्द पाळत होता.

दानेश्वरी


वेळापूर,
३ मार्च

मॅडम,

लिवायला हात उठत न्हवता.

सोजरला सांगाय मी सोता कुडलला गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणली, "एकदा पुण्यात फोडला. दुसऱ्यांदा सोलापुरात." तवापासनं भावजय जेवाय वाढती, ती दोन घास खाती, उठती.

रागवा म्हणताय. कुणावर रागवू? गुंडानं तेच केलं जे माझ्या पोरानं केलं. पोराच्या म्होरं बॉम्ब हुता आणि गुंडाच्या म्होरं माझं पोरगं. फडक्यावरनं कुणाला काय कळावं? आणि तार तर मी बांधली हुती. माझ्या हातानं पीळ दिला. हे मी सोजरला सांगितलं न्हाय, तुमाला सांगतोय. तुमीबी सांगू नगा.

पर राग येतो, मॅडम. लोकं भेटाय येत्यात तवा येतो. पृथ्वीराजच्या गावात कमान बांधत्यात म्हणं. बांधू द्या, पोरगं चांगलं हुतं, माझ्या पोराच्या हाकंला धावून आलं. पर लोकं मला इचारत्यात, अस्थी कुटं सोडल्या, आबा? आणि मी म्हणतो, कुडलला.

स्क्रू त्याच्या घोट्यातलं. शाळंत धावीच्या वर्गात हुता तवा उसाच्या ट्रॉलीवरनं पडला, घोटा मोडला. पंढरपुरात आपरेशन केलं. डॉक्टर म्हणलं, आत ऱ्हायलं तरी चालतंय. त्याच पायानं पळून पळून त्यो तुमच्या भरतीत पयला आला. अस्थी येचताना राखंत घावलं. भाऊबंद म्हणलं, लोखंड हाय, टाक. मी म्हणलं, धा वरसं त्याच्या अंगात ऱ्हायलं, आता त्याचंच झालं की. घातलं तांब्यात.

एक्सरेची फिल्म संगट पाठवतोय. त्या सायबाला दावा. म्हणावं, बाप आला न्हाय म्हणत हुता, ह्यो आलाय.

कोंडीबा


सोलापूर,
२४ मार्च

कोंडीबा भाऊ,

फिल्म मी शरणबसवच्या टेबलावर ठेवली. त्याने ती उचलून खिडकीशी धरली. घोटा आणि त्यात चार स्क्रू. त्याने एकेक स्क्रू बोटाने मोजला. मग म्हणाला, "काकू, जी काही चूक लिहायची ती माझ्या नावावर लिहा. त्या गुंडाला मधे आणू नका." त्याच दिवशी त्याने वरिष्ठांकडे दुरुस्त अहवाल पाठवला, प्रयोगशाळेलाही लिहिले. एवढे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

प्रयोगशाळेचे उत्तर काल आले. मी चार वेळा पत्र लिहायला घेतले. माझ्या शब्दांत जमत नाही, म्हणून आहे तसे उतरवते. "राख व हाडांचे नमुने स्फोटकांच्या तपासणीत पूर्णपणे वापरले गेले आहेत. शिल्लक काही नाही. धातूचे स्क्रू, चार नग, परत करण्यात येत आहेत."

मी शरणबसवला विचारले, पूर्णपणे म्हणजे काय? चिमूटभरही नाही? तो म्हणाला, चिखलात मिसळलेली राख मुळातच थोडी हाती लागली होती.

मुंबईचेही उत्तर आले. खासगी सुरक्षा कर्मचारी या मानाच्या नियमात बसत नाही. मी पुन्हा अर्ज करणार आहे. तो फेटाळला तर पुन्हा करीन. तुम्ही आशा धरू नका. ते माझे काम.

माझ्या माणसांना शिकवते त्या चार गोष्टींत पाचवी घालावी असे मनात आले. आधी आजूबाजूला पाहा, कुणी दुःखातला माणूस आला आहे का. फळ्यावर लिहिले आणि पुसले. तुमचा मुलगा असे पाहत उभा राहिला असता तर त्या दुकानातली माणसे आज जिवंत नसती. आणि गुंडाने एकदा पाहिले असते तर. काय शिकवावे ते मला कळत नाही. इतक्या वर्षांत असे पहिल्यांदाच झाले आहे. या आठवड्यात वर्ग घेतला नाही.

स्क्रू माझ्यापाशी आहेत. गुंडा म्हणतो, मी नेऊन देतो. त्याला पाहणे तुम्हाला जड जाणार असेल तर तसे लिहा, मी येईन.

दानेश्वरी


कुडल,
५ एप्रिल

अक्का,

गुंडा तुमाला अक्का म्हणतो, आता मीबी म्हणतो.

गुंडा आला, परवा सकाळी, हितं सोजरच्या म्हायेरी. दाराबाहेरच हुबा. आत येईना. मेव्हणा म्हणला, "ये की रं आत. का वाजंत्री लावून न्हेऊ तुला?" तवा उंबऱ्यात आला. सोजरनं त्याला पाणी दिलं. इतक्या दिसांत तिनं सोताहून कुणाला काय दिलं ते हेच.

"आईला किती जणं तुमी?" तिनं इचारलं.

"एकटाच हाय, मावशी."

"मग सोड ही नोकरी."

"सोडून काय करू, मावशी?"

सोजरनं ताट वाढलं. जेव म्हणली. त्यो जेवला. जेवताना रडला, तर ती म्हणली, "जेवताना रडू नगंस, घास लागंल." अभिमन्यूला अशीच वरडायची, ल्हान असताना.

मग संगमावर गेलो. आमी दोघं, मेव्हणा आणि गुंडा. गुरवानं स्क्रूचं पुडकं बघितलं, म्हणला, ह्यात अस्थी कुटं हाईत? मेव्हणा काय तरी सांगाय लागला, मी त्याला गप केलं. म्हणलं, ह्योच माझा पोरगा. तुमी तुमचं काम करा.

अक्का, राख सोडली की ती जरा येळ पाण्यावर ऱ्हाती. पसरती, पाण्यासंगट चालती. माणूस काठाकाठानं तिच्यासंगट जातो, दिसंनाशी हुईस्तवर बघतो. माझ्या बापाच्या येळंला मी असाच लांबवर गेलो हुतो. जाताना बोललोबी त्याच्यासंगं.

मी पयला स्क्रू सोडला. डुबकन गेला.

सोजर म्हणली, "अवं, मी बघितलंबी न्हाय की त्येला."

दुसरा हळू सोडला, अगदी पाण्याला हात लावून. तसाच गेला. तिसरा तिनं माझ्या हातातनं घेतला. लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरली, वाकली, हात पाण्याखाली न्हेला आणि तितं मूठ उघडली. वाकूनच ऱ्हायली. मग माझ्याकडं बघून मान हलवली. ह्योबी दिसला न्हाय म्हणून.

चौथा तिनं उचलला आणि मूठ आवळली. गुरव म्हणला, सोडा बाई, मागं ठिवू न्हाई. मेव्हणा म्हणला, ताई, सोड आता. मी म्हणलं, कुणी काय बोलायचं न्हाय तिला.

सांच्याला ती चुलीम्होरं बसली. भावजय म्हणली, मी करते, तर ऐकंना. एका हातानं पीठ मळलं, त्याच हातानं भाकरी थापली. दुसऱ्या हाताची मूठ मांडीवर. भाकरी वाकड्या झाल्या, कडंला चिरल्या. आमी सगळ्यांनी खाल्ल्या.

उद्या तिला घरला न्हेतो.

कोंडीबा